ओम पुरीबद्दल त्याच्या बरोबरीचे लोक इतकं भरभरून का बोलतात?

रंगधूळ

नट गेला की त्याच्याबद्दल सगळेच चांगलं बोलतात. मेहनती होता, शिस्तीचा होता, माणूस म्हणून मोठा होता, ही तीन वाक्यं श्रद्धांजलीच्या लेखात ठरलेली. त्यामुळे अशा स्तुतीकडे मी सहसा लक्ष देत नाही. ओम पुरीची गोष्ट मला निराळी वाटते. तो ६ जानेवारी २०१७ ला गेला, पण त्याच्याबरोबर शिकलेली आणि काम केलेली माणसं त्याच्या हयातीतच त्याच्याबद्दल बोलत होती, आणि बोलण्यात तपशील असायचा.

सगळ्यात मोलाची साक्ष नसीरुद्दीन शाहची. दोघे एनएसडीला (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) एकाच वर्गात, १९७० ते ७३. नसीर नैनिताल आणि अजमेरच्या इंग्रजी शाळांतून आलेला, नाटकाचा आधीपासून सराव, आत्मविश्वास भरपूर. ओम पंजाबी माध्यमातला, लाजाळू, इंग्रजी सुरू झालं की गप्प होणारा. शिक्षण संपत आलं तेव्हा शोझो सातो या जपानी दिग्दर्शकाने विद्यार्थ्यांकडून 'इबारागी' हे काबुकी (जपानी पारंपरिक शैलीतलं) नाटक बसवून घेतलं. त्यातलं ओमचं काम बघून नसीर हादरला. त्याने आत्मचरित्रात सरळ लिहून टाकलंय की ओमने तीन वर्षांत मिळेल ते सगळं घेतलं आणि स्वतः तो मात्र आधीपासून जे जमत होतं तेच करत राहिला. पुढे नसीर पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला त्यामागे हेही एक कारण होतं.

बरोबरीच्या नटाने, तेही नसीरसारख्याने, असं लिहायला किती मोठं मन लागतं बघा.

आता मुद्दा. माझ्याकडे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं नाट्यशिबिराला येतात. त्यांना 'मेहनत घ्या' म्हणणं सोपं आहे, पण मेहनत घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं हे समजावताना अडायला होतं. ओम पुरीच्या कामात ती तुम्हाला कुठे दिसली? मोघम नको, प्रसंग सांगा. आणि तुमच्या पाहण्यातल्या एखाद्या नटाबद्दल गुरूने किंवा सहकलाकाराने मनापासून केलेली स्तुती आठवत असेल तर तीही लिहा.

मंदार_ठाणे

+१. नसीरचं ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. 'अर्धसत्य' आज रात्री पुन्हा बघणार.

वसुधा देव

छान विषय. ओमच्या शिक्षकांबद्दल बोलायचं तर आधी इब्राहिम अल्काझींचं नाव घ्यायला हवं, आणि अल्काझी मूळचे आपल्या पुण्याचे. जन्म पुण्यातला, १८ ऑक्टोबर १९२५. शाळाही कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट. १९६२ ते ७७ एनएसडीचे संचालक होते. त्यांच्या शिस्तीबद्दल विद्यार्थी आजही बोलतात. नाटकाबरोबर चित्रकला, शिल्पकला, वेशभूषा, रंगमंचाची मापं, सगळं आलंच पाहिजे. स्टेज झाडणं आणि संडास साफ करणंही त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं आणि मग मुलांकडून करून घेतलं.

योगायोग बघा, ओमचा वाढदिवसही १८ ऑक्टोबर. घरात जन्माची नोंद नव्हती. दसऱ्याच्या आसपासचा जन्म एवढंच आईने सांगितलेलं, शाळेत भलतीच तारीख लागलेली. पुढे मुंबईत आल्यावर त्याने दसऱ्यावरून हिशोब करून १८ ऑक्टोबर १९५० ही तारीख पक्की केली. गुरूशिष्यांचा वाढदिवस एकच निघाला.

आणि आपली रोहिणी हट्टंगडी (तेव्हाची ओक) एका वर्षाने त्यांच्या मागे तिथेच शिकत होती. पुण्याहून थेट दिल्ली. तिच्यावर कुणी स्वतंत्र धागा काढा ना.

पटियालापेग

अल्काझींच्या आधीचा गुरू राहिला! ओम पटियाल्याला कॉलेजात असताना हरपाल टिवाणांनी त्याला नाट्यस्पर्धेत पाहिलं आणि आपल्या पंजाब कला मंचात घेतलं. टिवाणा स्वतः एनएसडीचे. मी पटियाल्यात नोकरीनिमित्त राहिलोय, तिथली जुनी नाटकवाली मंडळी टिवाणांचं नाव अजून आदराने घेतात. दिल्लीला पाऊल टाकण्याआधीच ओमला तालमीची सवय लागली होती ती तिथे.

फडताळ

थोडा विरोधी सूर लावतो.

एक, गरिबीतून आलेल्या नटाची स्तुती नेहमी 'मेहनती' या शब्दानेच होते हे मला खटकतं. ओमने लहानपणी रुळांवरचा कोळसा वेचला, चहाच्या टपरीवर कपबश्या धुतल्या, हे सगळे सांगतात. सुखवस्तू घरातला नट असला की तो 'प्रतिभावान' आणि हा 'कष्टाळू'. ओमकडे प्रतिभा नव्हती का? तो आवाज कष्टाने येतो का?

दोन, नव्वदनंतरची यादी काढा. किती चित्रपट केवळ पैशासाठी केलेत ते कळेल. निष्ठा म्हणायची तर त्या वर्षांचं काय करायचं?

निशिगंध

फडताळ, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसरा अजिबात नाही.

'घायल'मधला एसीपी डिसूझा घ्या. सनी देओलचा पिक्चर, सगळी ओरडाआरडी त्याची, आणि मधे हा माणूस शांतपणे उभा. 'हेराफेरी'मधला खडकसिंग चार प्रसंगांचा आहे, पण नुसता आला तरी थिएटर हसायचं. 'मकबूल'मध्ये नसीर पुरोहित आणि हा पंडित, दोन पोलीस कुंडल्या मांडत बसलेत आणि दोघांमधली ती जुनी ओळख पडद्यावर आपोआप दिसते. भूमिका फालतू असेल, पण पाट्या टाकलेल्या मला तरी क्वचितच दिसल्या.

आणि समांतर चित्रपटांत पैसे किती मिळायचे हे सगळ्यांना माहीत आहे. नटाने घर चालवू नये का?

कोल्हापूरची_मिसळ

'जाने भी दो यारों'मधला आहुजा विसरलात काय राव! दारू पिऊन तर्र, रस्त्यावर पडलेल्या शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून आतल्या मयताशी गप्पा मारतोय. १९८३ साल. त्याच वर्षी 'अर्धसत्य'. एका वर्षात हे दोन नट एकाच अंगात कसे राहिले असतील?

आणि शबाना आझमीचा तो किस्सा. ओम आणि नसीरचा तरुणपणीचा फोटो बघून ती म्हणाली होती की असल्या चेहऱ्याच्या दोघांची नट व्हायची हिंमत कशी झाली! दोघेही हा किस्सा स्वतःच हसत सांगायचे.

अवनी_के

रंगधूळ यांनी प्रसंग मागितलाय म्हणून सविस्तर लिहिते.

'आक्रोश' (१९८०). पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम म्हणजे लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात. नसीर त्याचा वकील, भास्कर कुलकर्णी. वकील भेटायला येतो, विचारतो, समजावतो, चिडतो, विनवतो. भिकू बोलत नाही. जवळजवळ अख्खा चित्रपट बोलत नाही.

आता नट म्हणून विचार करा. संवाद नसले की नवखा नट चेहऱ्याने भरपाई करायला जातो. भुवया, ओठ, सुस्कारे. ओम यातलं काही करत नाही. नसीर बोलत असताना त्याची नजर कुठे आहे ते बघा. कधी जमिनीवर, कधी वकिलाच्या खांद्याच्या पलीकडे, आणि एखाद्याच क्षणी थेट डोळ्यांत. त्या क्षणी आपल्याला कळतं की याला सगळं समजतंय, वकील बोलतोय तो शब्द न शब्द पोचतोय, आणि बोलून काही होणार नाही हेही याला माहीत आहे. ऐकणं हीच तिथे अख्खी भूमिका आहे. शेवटी बापाच्या चितेजवळ, हातातल्या बेड्या क्षणभर सुटल्यावर तो कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो, तिच्या वाट्याला बायकोसारखं काही येऊ नये म्हणून, आणि मग जो ओरडतो. दोन तास साठवलेला आवाज आहे तो.

मला वाटतं नसीर 'मिळेल ते घेतलं' म्हणतो ते हेच. समोरच्याकडून घेणं. हा नट समोरच्याचं काम चांगलं करून देतो. सहकलाकार त्याच्याबद्दल प्रेमाने बोलतात ते उगीच नाही.

मंदार_ठाणे

अवनी, हे सेव्ह करून ठेवलं.

ना.बा. जोशी

अवनीताईंचा प्रतिसाद उत्तम. माझं वय झालंय, त्यामुळे एक जुनी गोष्ट सांगतो.

गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' डॉ. लागूंनी केलं ते मी पाहिलंय. साल १९७४. विद्यापीठातल्या एका डाव्या प्राध्यापकाची चौकशी चालते, नाटक म्हणजे जवळपास ती चौकशीच. हालचाल फारशी नाही, सगळा भार बोलण्यावर आणि बोलण्यामागच्या विचारावर. डॉक्टरांचं काम बघून बाहेर पडलो तेव्हा हे दुसऱ्या कुणाला झेपेल असं वाटलं नव्हतं.

पुढे ओम पुरीने मुंबईत 'मजमा' नावाचा ग्रुप काढला आणि हेच नाटक हिंदीत केलं. इंग्रजीला बिचकणारा तो मुलगा मराठीतल्या अत्यंत बौद्धिक अशा नाटकातल्या प्राध्यापकाच्या भूमिकेत उभा राहिला. भिकू आणि हा प्राध्यापक शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जण बोलतच नाही आणि दुसऱ्याचं बोलणं संपत नाही. फडताळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. प्रतिभा होतीच. ती नेमकी कुठे कामाला लावायची हे त्याने शिकून घेतलं.

घाशीराम_पुणे

माझ्या आयडीला जागून लिहायलाच हवं!

१९७६ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून 'घाशीराम कोतवाल'चा चित्रपट केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी चौघांची नावं दिग्दर्शनाला. नाना फडणवीस अर्थातच मोहन आगाशे, आणि घाशीराम ओम पुरी. म्हणजे ओमचं सुरुवातीचं मोठं काम मराठी चित्रपटातलं आहे, हे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

पुढची गंमत. सत्यजित राय यांनी १९८१ ला दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' केला. ओम दुखी चांभार, स्मिता पाटील त्याची बायको, आणि ज्याच्या दारात तो राबून मरतो त्या पंडिताच्या भूमिकेत आगाशे. पंडिताचं नाव काय? घासीराम! ही जोडी आणि हे नाव काही एकमेकांना सोडत नाही.

आगाशे आणि ओम हे दोघे एका चौकटीत आले की मी बाकी कुणाकडे बघत नाही.

फडताळ

जोशीकाका, अवनी, मुद्दा पोचला. 'कष्टाळू' या शिक्क्याला माझा विरोध कायम आहे, पण शिकून घेण्याला नाही.

सॅलफर्डचा_सदा

मी मँचेस्टरजवळ राहतो, म्हणून 'ईस्ट इज ईस्ट'बद्दल लिहिणं भाग आहे. १९७१ चं सॅलफर्ड, पाकिस्तानी बाप, इंग्रज आई, चिप्सचं दुकान, सात पोरं. जॉर्ज खान हा बाप घरच्यांवर हात उचलतो, पोरांची लग्नं परस्पर ठरवतो. कागदावर तो खलनायक आहे. ओमने तो इतका एकटा करून ठेवलाय की राग येत असतानाच गलबलून येतं. चहा घेणार का विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, अर्धा कप! आमच्या ऑफिसातले गोरे लोक हे वाक्य अजून त्याच्या लकबीत म्हणतात.

बाफ्टाला (ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांना) सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन होतं त्याला. २००४ ला मानद ओबीई हा ब्रिटिश किताब पण मिळाला. इथल्या पन्नाशीच्या लोकांना हिंदी चित्रपटातली दोन नावं धड सांगता येत नाहीत, पण ओम पुरी म्हटलं की चेहरा खुलतो.

पटियालापेग

सदा, आणि हे इंग्रजी संवाद कुणाचे? तर एनएसडीत इंग्रजीमुळे खाली मान घालून बसणाऱ्या पोराचे. क्या बात!

गोट्या

त्याच्या घरगुती भानगडींबद्दल आणि शेवटच्या वर्षातल्या वादांबद्दल कुणी का बोलत नाहीये?

रंगधूळ

गोट्या, इथे कामाबद्दल बोलतोय. तो विषय या धाग्यावर नको, ही विनंती.

प्रकाशझोत

मी बरीच वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतोय. रंगधूळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

राज्य नाट्यस्पर्धेच्या एका नाटकात हवालदाराची छोटी भूमिका करणारा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, तो आजही बँकेत नोकरी करतो. तांत्रिक तालमीच्या दिवशी मी शिडीवर चढून लाइट फोकस करत होतो. मुख्य नट बाहेर फोनवर. हा पोरगा स्वतःहून येऊन प्रत्येकाच्या जागी उभा राहिला. 'दादा, इथे नायिका बसते, तिची मान डावीकडे असते', 'या वाक्याला ते दोन पावलं पुढे येतात'. अख्ख्या नाटकाच्या जागा त्याला पाठ. प्रकाश कुठे संपतो ते त्याने पायाने चाचपून घेतलं आणि प्रयोगात बरोबर त्या कडेवर थांबला. निम्मा चेहरा उजेडात, निम्मा अंधारात. कुणी सांगितलं नव्हतं.

निकालानंतर आमच्या दिग्दर्शिकाबाई सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या की पुढच्या नाटकाची संहिता मी आधी याला वाचून दाखवणार. पारितोषिक दुसऱ्यालाच मिळालं होतं. पण त्या वाक्यानंतर त्याचा चेहरा मी पाहिलाय.

वसुधा देव

प्रकाशझोत, किती सुंदर लिहिलंत! अल्काझींच्या शाळेत हा मुलगा शोभला असता.

ना.बा. जोशी

खरंय. आणि एक नोंद करून ठेवतो, कारण ती राहून जाईल. ओमच्या मोठ्या कामांत मराठी हात किती आहेत बघा. 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची, समोर रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. आणि अनंत वेलणकर हा मराठी पोलीस उभा केला अंबाल्याच्या पंजाबी माणसाने. वेलणकराच्या बोलण्यात, बसण्यात परका वाटेल असं काही सापडत नाही.

ती कविता तो स्मितासमोर वाचतो तो प्रसंग तर शिबिरातल्या मुलांना दाखवाच. सुरुवातीला नुसतं वाचतो, एखादा पोलीस सहज हाताला लागलेलं पुस्तक वाचेल तसा, जरा चेष्टेतच. मग ओळ कुठेतरी लागते. आवाज चढत नाही, उलट संथ होतो. वाचता वाचता ती स्वतःबद्दलची आहे हे त्याला कळत जातं आणि कळण्याची प्रत्येक पायरी आपल्याला दिसते. दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला, १९८१ चा बेनेगलांच्या 'आरोहण'साठी आणि १९८३ चा यासाठी. कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही 'अर्धसत्य'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

निशिगंध

काका, कविता वाचणं कसं असतं हे मला त्या प्रसंगाने शिकवलं. आमच्या कॉलेजात काव्यवाचन म्हणजे हात वर करून किंचाळणं.

कोल्हापूरची_मिसळ

आमच्याकडे अजून तसंच आहे. माईकसुद्धा घाबरतो.

अवनी_के

'तमस' (१९८८) राहिला. सुरुवातीचा डुकराचा प्रसंग. नत्थूला (म्हणजे ओमला) पाच रुपये देऊन डुक्कर मारायला सांगितलंय. रात्र, कोंदट खोपटं, तो आणि ते जनावर. कितीतरी वेळ जवळपास नुसती झटापट. तो घाम पुसतो, दमतो, बसतो, पुन्हा उठतो. अभिनय चाललाय हे विसरायला होतं, एक माणूस नको असलेलं काम उरकायचा प्रयत्न करतोय एवढंच दिसतं. 'सद्गती'त लाकूड फोडतानाही तसंच. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आधीच्यापेक्षा जरा कमी ताकदीचा आहे. उपाशी, नुकताच तापातून उठलेला माणूस असाच फोडेल.

रंगधूळ, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हे. मुलांना 'मेहनत घ्या' म्हणू नका. हाताला एक काम द्या. लाकूड फोडणं, पीठ मळणं, सायकलची चेन बसवणं, काहीही. संवाद नाहीत. दमत जाणं खरं दिसलं पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याचं बोलणं नुसतं ऐकायला लावा, 'आक्रोश'मधल्या भिकूसारखं.

फडताळ

हे मात्र मी आमच्या ग्रुपवर उद्यापासून करून बघणार.

रंगधूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. अवनी, तुमचा व्यायाम या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी घेणार. प्रकाशझोत, तुमच्या हवालदाराची गोष्ट शिबिरात सांगायची परवानगी हवी आहे.

एक विचारतो. चित्रपट दाखवायचा तर कुठला आधी? 'अर्धसत्य' बघून मुलं डायलॉग म्हणत सुटतील अशी भीती वाटते.

प्रकाशझोत

परवानगी कसली, जरूर सांगा.

घाशीराम_पुणे

'सद्गती' आधी. तासाभराच्या आत संपतो, एका सत्रात बसतो आणि चर्चेला वेळ उरतो. दुसऱ्या दिवशी 'आक्रोश'. 'अर्धसत्य' अगदी शेवटी, आणि तोही कवितेच्या प्रसंगाशी एकदा थांबवून. आगाशे पुण्यातच असतात, जमलं तर त्यांनाच बोलवा की. ओमबद्दल त्यांच्याइतकं जवळून कोण सांगणार?